बुफोटेनिन : सिरोटोनिनचं सख्खं भावंड मेंदूच्या दाराशी का अडतं?

इंडोलप्रेमी

बुफोटेनिनबद्दल कुठेही वाचायला गेलं की दोन विधानं हमखास भेटतात. पहिलं, हे टोडच्या (खरबरीत कातडीचा, बेडकासारखा प्राणी) अंगातलं भ्रमजनक द्रव्य आहे, म्हणून लोक टोड चाटतात. दुसरं, हे मुळात निष्क्रिय आहे, मेंदूत शिरतच नाही. कधी कधी तर एकाच लेखात दोन्ही! माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत, आणि का चुकीची आहेत ते समजून घेताना या रेणूची खरी गंमत कळते. सायलोसिबिन, एलएसडी, डीएमटी या भ्रमजनक द्रव्यांवर रकानेच्या रकाने भरतात. हा बिचारा कायम तळटिपेत.

आधी रचना. ट्रिप्टामिन म्हणजे इंडोलचं जोडवर्तुळ (एक सहा कोनी, एक पाच कोनी), त्याला दोन कार्बनची शेपटी आणि शेपटीच्या टोकाला नायट्रोजन. वर्तुळाच्या पाचव्या जागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवला की झालं सिरोटोनिन, चेतापेशींमधलं निरोप्या द्रव्य. त्याच सिरोटोनिनच्या शेपटीतल्या नायट्रोजनवर दोन मिथाइल गट लावले की बुफोटेनिन. बस, एवढाच फरक. आता यातला हायड्रॉक्सिल पाचव्या जागेवरून उचलून चौथ्या जागी ठेवा, मिळेल सायलोसिन, म्हणजे सायलोसिबिन शरीरात गेल्यावर ज्यात बदलतं ते द्रव्य. बुफोटेनिन आणि सायलोसिन दोघांतही १२ कार्बन, १६ हायड्रोजन, २ नायट्रोजन, १ ऑक्सिजन. रेणुभार दोघांचा २०४.२७. एक जगप्रसिद्ध, दुसरा बदनाम, आणि मधे फक्त एका घराचं अंतर.

हे एक घर इतकं महत्त्वाचं का? चौथ्या जागेवरचा हायड्रॉक्सिल शेपटीतल्या नायट्रोजनच्या जवळ येतो. शेपटी वळते, दोघांत हायड्रोजन बंध जुळतो आणि एक आभासी कडं तयार होतं. पाचव्या जागेवरून हात तिथवर पोचत नाही. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टीचे परिणाम मोजता येतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत सायलोसिनच्या अमाइनचा, म्हणजे शेपटीतल्या नायट्रोजनचा, पीकेए (हा आकडा जितका मोठा तितका तो प्रभारित राहण्याकडे कल जास्त) ८.४७ आला आणि बुफोटेनिनचा ९.६७. रक्ताचा पीएच ७.४ धरून गणित केलं तर सायलोसिनचे सुमारे ८ टक्के रेणू प्रभाररहित असतात, बुफोटेनिनचे जेमतेम अर्धा टक्का. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर मेदाळ असतं, त्यातून प्रभारित रेणू सहज जात नाहीत. म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या दर २०० बुफोटेनिन रेणूंपैकी कुठल्याही क्षणी एखादाच आत जाण्याच्या अवस्थेत असतो. सायलोसिनच्या बाबतीत हीच संख्या पंधराच्या आसपास.

आणि आत गेल्यावर? तिथे बुफोटेनिन अजिबात दुबळं नाही. भ्रमजनक परिणामांशी सिरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरचा (पेशीवरच्या ग्राहकाचा) संबंध लावला जातो त्या ५-एचटी२ए वर ते चांगलं चिकटतं (५-एचटी म्हणजे सिरोटोनिनच). ५-एचटी१ए वरही. परीक्षानळीतले आकडे पाहून कुणी म्हणेल की हे सायलोसिनच्या तोडीचं आहे. माझा मुद्दा इथेच आहे: "सक्रिय की निष्क्रिय" हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला. विचारायचं ते हे, की कुठल्या वाटेने, किती वेगाने आणि वाटेत काय काय तुडवत.

वाटेत तुडवलं जातं ते उरलेलं सगळं शरीर. आतडं, रक्तवाहिन्या, हृदय, सगळीकडे सिरोटोनिनचे रिसेप्टर आहेत, आणि सिरोटोनिनची ही जवळपास नक्कल तिथे आधी पोचते. मळमळ, चेहरा लाल-जांभळा होणं, छातीवर दाब, रक्तदाबात चढउतार. शिवाय यकृतात आणि आतड्यात मोनोअमाइन ऑक्सिडेज ए हे विकर (एन्झाइम) टपलेलंच असतं. ते बुफोटेनिनचं ५-हायड्रॉक्सीइंडोलअॅसेटिक आम्ल करून टाकतं. सिरोटोनिनचंही शेवटी तेच होतं. तोंडावाटे घेतल्यास फारसं काही उरत नाही ते यामुळे.

इतिहासाचा भाग पुढच्या प्रतिसादात टाकतो, एका दमात फार झालं.

शंकासूर

वाचतोय. लगेच एक शंका. सिरोटोनिन स्वतः मेंदूत शिरत नाही हे पाठ्यपुस्तकात आहे. मग त्याला मिथाइल लावलं तर शिरणं सोपं व्हायला हवं ना?

इंडोलप्रेमी

होतंच. थोडं सोपं. सिरोटोनिनपेक्षा बुफोटेनिन बरं, पण "बरं" म्हणजे पुरेसं नव्हे. गंमत म्हणजे आणखी एक, तिसरा मिथाइल लावला की गाडी उलटी फिरते. मग ते होतं बुफोटेनिडिन. तेही टोडच्या विषात असतं. त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धन प्रभार बसतो, पीएच काहीही असो. त्याला मेंदूचं दार बंदच. ते बाहेरच्या बाहेर ५-एचटी३ रिसेप्टरवर काम करतं. मिथाइलची संख्या वाढली की मेदात विरघळणं वाढतं हा नियम दोनपर्यंतच खरा.

उलट हायड्रॉक्सिल झाकला तर? त्यावर अॅसिटिल गट चढवलेलं बुफोटेनिन प्राण्यांमध्ये जास्त प्रभावी ठरलं हे दिसलं आहे. आणि हायड्रॉक्सिलच्या जागी मेथॉक्सी आला की ५-मेथॉक्सी-डीएमटी, जे क्षणार्धात मेंदूत पोचतं. ज्याच्या नावाने टोड प्रसिद्ध झाले ते द्रव्य हे. बुफोटेनिन नव्हे.

आता इतिहास. बुफोटेनिनला नाव दिलं हांडोव्स्कीने, प्रागमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात. रचना पक्की झाली १९३४ साली, म्युनिकमध्ये हाइनरिश वीलांडच्या प्रयोगशाळेत. पित्ताम्लांवरच्या कामासाठी १९२७चं नोबेल मिळवणारा तोच वीलांड. टोडच्या विषाकडे तो वळला यात नवल नाही, कारण त्या विषातला दुसरा मोठा गट स्टिरॉइडचाच आहे. थोड्याच काळात जपानमध्ये होशिनोने ते प्रयोगशाळेत बनवलं. आता तारीख नीट पाहा. सिरोटोनिन रक्तातून वेगळं केलं गेलं १९४८ साली, क्लीव्हलंडमध्ये, रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांच्याकडून. म्हणजे धाकट्याची ओळख थोरल्याच्या चौदा वर्षं आधी पटली होती. १९३४ साली कुणाला ठाऊकही नव्हतं की हा रेणू कुणाचा भाऊ आहे.

विषवैद्य

उत्तम धागा. टोड चाटण्याबद्दल एक डॉक्टर म्हणून लिहितो, कारण हा विनोदाचा विषय नाही.

टोडच्या कानामागच्या ग्रंथींतून जो चिकट पांढरा स्राव येतो त्यात बुफोटेनिनसोबत बुफाडायएनोलाइड नावाची स्टिरॉइड असतात. बुफालिन, सिनोबुफॅजिन वगैरे. ही हृदयाच्या पेशींवरचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतात. डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाच्या विषबाधेत जे होतं तेच. नाडी मंदावते, ठोके चुकतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं.

न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९९३ ते मे १९९५ या काळात पाच निरोगी पुरुष आजारी पडल्याची नोंद आहे. त्यांनी कामोत्तेजक म्हणून विकला जाणारा एक काळपट खडा गिळला होता. तो लावायचा होता, खायचा नव्हता. पाचांपैकी चौघे दगावले. तपासणीत बुफोटेनिनही सापडलं, पण मारलं ते बुफाडायएनोलाइडनी. नंतर अशा विषबाधेत डिगॉक्सिन (डिजिटॅलिस गटातलंच औषध) विरोधी प्रतिपिंडांचे फॅब तुकडे देऊन रुग्ण वाचवता आले, कारण ती प्रतिपिंडं या टोडच्या स्टिरॉइडलाही धरतात. रक्ताच्या डिगॉक्सिन चाचणीतही ही स्टिरॉइड काही अंशी दिसतात, पण आकडा विश्वासाचा नसतो. चाचणीत कमी आलं म्हणून निर्धास्त राहू नये.

कायद्याचा विरोधाभास बघा. अमेरिकेत बुफोटेनिन पहिल्या अनुसूचीत आहे, सर्वांत कडक बंदी. त्याच खड्यातली जी द्रव्यं माणूस मारतात ती त्या यादीत नाहीत.

भटकी_पेशी

+१. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने "टोड चाटू नका" असं जाहीर आवाहन केलं होतं ते आठवलं. सोनोरन वाळवंटातल्या टोडबद्दल.

इंडोलप्रेमी

विषवैद्य, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं.

सोनोरन टोडचं शास्त्रीय नाव इन्सिलियस अल्व्हेरियस. त्याच्याकडे एक विकर आहे जे बुफोटेनिनच्या हायड्रॉक्सिलवर मिथाइल चढवून ५-मेथॉक्सी-डीएमटी बनवतं. बाकीच्या टोडकडे हा कारखाना नाही. त्यांच्या स्रावात गाडी बुफोटेनिनपाशीच थांबते. "टोड म्हणजे नशा" ही समजूत एका जातीवरून सगळ्या कुळाला चिकटली. त्या एका जातीचं वाळवंटात काय होत असेल याचा विचारही या गर्दीतल्या कुणाला सुचत नाही. ग्रंथी पिळून घेतलेला टोड काही देणगीदार नसतो.

आपल्या शरीरात याच्या नेमकं उलट घडतं. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर ५-मेथॉक्सी-डीएमटीचा मिथाइल काढून बुफोटेनिन करतं. एरवी ही लहानशी पायवाट, कारण मोठा हिस्सा मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या राजरस्त्याने जातो. पण हार्मलिनसारख्या द्रव्याने तो राजरस्ता अडवला तर पायवाटेवर गर्दी होते, मूळ द्रव्यही साचतं आणि सिरोटोनिनची विषबाधा होऊ शकते. अशा मिश्रणांनी माणसं मेली आहेत. सीवायपी२डी६ माणसामाणसांत जनुकांनुसार कमीजास्त असतं, त्यामुळे कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही.

एकांडा_शिलेदार

हे सगळं ठीक. मिळतं कुठे हे कुणी सांगेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

इंडोलप्रेमी

नाही. हा तो धागा नाही. कुणी व्यनि करू नये ही विनंती.

उत्खनक

माझा प्रांत पुरातत्त्व. टोडवरच चर्चा अडकली आहे म्हणून लिहितो. बुफोटेनिनचा माणसाशी खरा जुना संबंध झाडातून आहे. अॅनाडेनँथेरा पेरेग्रिना आणि अॅनाडेनँथेरा कोलुब्रिना, दक्षिण अमेरिकेतली शेंगवर्गीय झाडं. बियांत बुफोटेनिन काही टक्के इतकं भरतं. ओरिनोकोच्या खोऱ्यात योपो, दक्षिणेकडे सेबिल. बिया भाजून कुटून, त्यात चुना किंवा राख घालून ती पूड नाकातून ओढायची.

कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत रामोन पाने नावाचा एक पाद्री हिस्पॅनिओला बेटावर राहिला होता. त्याने तिथल्या मूळच्या टाइनो लोकांच्या "कोहोबा" या नाकाने ओढायच्या पुडीचं वर्णन लिहून ठेवलंय. पुढे कित्येक वर्षं लोक कोहोबा म्हणजे तंबाखूच समजत. १९१६ साली विल्यम सॅफर्डने दाखवलं की ती या झाडाच्या बियांची पूड होती. त्या बियांत बुफोटेनिन आहे हे रसायनशास्त्राने सिद्ध केलं १९५४ साली, स्ट्रॉमबर्गने.

आणि बोलिव्हिया. नैऋत्येच्या लिपेस उंचवट्यावर कुएवा देल चिलेनो नावाची गुहा आहे. तिथे चामड्याचं एक गाठोडं सापडलं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. आत पूड ओढायच्या कोरीव लाकडी पाट्या, नळी, लामाच्या हाडाचे चमचे, आणि कोल्ह्याची तीन नाकाडं शिवून केलेली एक थैली. २०१९ साली त्यातल्या अवशेषांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. कोकेन, हार्मिन, बुफोटेनिन, डीएमटी, आणि बहुधा सायलोसिन. यातल्या बहुतेक वनस्पती त्या उंचीवर उगवत नाहीत. म्हणजे कुणीतरी लांबून आणल्या, किंवा लांबून येणाऱ्यांकडून घेतल्या.

आता तुम्ही म्हणता हे द्रव्य मेंदूत जेमतेम शिरतं. मग हजारो वर्षं लोक काय नुसत्या शिंका काढायला पूड ओढत होते?

इंडोलप्रेमी

उत्खनक, याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

नाही, नुसत्या शिंका नाहीत. जेमतेम शिरतं, पण शिरतं. नाकाच्या वाटेने आतडं आणि यकृत दोन्ही पहिल्या फेरीत टळतात, म्हणजे विकराचा मोठा तडाखा वाचतो. चुना किंवा राख घातल्याने पुडीचा पीएच वाढतो आणि बुफोटेनिन लवणरूपातून मुक्त बेसमध्ये, म्हणजे प्रभाररहित रूपात, येतं. नाकाच्या अस्तरातून तेच पार होतं. वर मी अर्धा टक्क्याचं गणित दिलं ते पीएच ७.४ चं. पीएच वर गेला की ते गणितच बदलतं.

इथे जर्मन शोधप्रवासी हुम्बोल्टचा किस्सा आठवतो. १८०० साली ओरिनोकोवर ओटोमाक लोकांना त्याने ही पूड बनवताना पाहिलं आणि निष्कर्ष काढला की झणका शेंगांचा नसून ताज्या भाजलेल्या चुन्याचा असणार. पुढचे लोक त्याला हसले. मला तो अर्धा बरोबर वाटतो. चुना स्वतः काही करत नव्हता, पण चुन्याशिवाय शेंगाही फारसं काही करू शकल्या नसत्या.

आणि तुमच्या गाठोड्यातलं हार्मिन. ते मोनोअमाइन ऑक्सिडेज ए ला रोखतं. एकाच झोळीत बुफोटेनिन, डीएमटी आणि त्यांना वाचवणारं हार्मिन. त्या माणसाने ती एकत्र घेतली होती की वेगवेगळी, हे अवशेष सांगत नाहीत. पण निव्वळ योगायोग म्हणायला मन धजत नाही.

विषवैद्य

मग "निष्क्रिय" हा शिक्का आला कुठून? फेबिंगच्या प्रयोगांनंतर तर ते भ्रमजनक आहे असंच छापलं गेलं होतं ना?

इंडोलप्रेमी

हो, आणि ही कथा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. १९५६ साली हॉवर्ड फेबिंग आणि हॉकिन्स यांनी ओहायोच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या शिरेत बुफोटेनिन टोचलं. कैद्यांचे चेहरे वांग्यासारखे जांभळे पडले. मळमळ, छातीत आवळल्यासारखं, डोळ्यांपुढे रंगीत ठिपके. लेखकांनी ते भ्रमजनक ठरवलं. १९५९ मध्ये टर्नर आणि मर्लिस यांनी मनोरुग्णांवर प्रयोग करून उलट मत दिलं, की हे मेंदूत जातच नाही, जे दिसतं ते रक्ताभिसरणाच्या गोंधळामुळे. पूड ओढूनही काही होत नाही असंही लिहिलं. इथून "निष्क्रिय" हा शिक्का बसला आणि चाळीसेक वर्षं टिकला. २००१ साली जोनाथन ऑटने स्वतःवर करून पाहिलेल्या प्रयोगांची नोंद प्रसिद्ध केली, की नाकातून आणि इतर वाटांनी ते नक्की परिणाम करतं. स्वतःवरचा प्रयोग हा काही नियंत्रित अभ्यास नव्हे, पण आधीचे दोन्हीही कुठे होते? कैदी आणि मनोरुग्ण, ज्यांना नाही म्हणायची सोय नाही, त्यांच्या शिरेत झपाट्याने टोचून जांभळा चेहरा पाहायचा आणि त्यावरून पुडीबद्दल बोलायचं. नैतिकदृष्ट्या वाईट होतंच, पण विज्ञान म्हणूनही कच्चं. शिरेतून दिलेलं द्रव्य आधी फुप्फुसातून जातं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत बुफोटेनिन सर्वांत जास्त साठतं ते फुप्फुसातच. छाती आवळणार नाही तर काय होईल?

भटकी_पेशी

फुप्फुसाचं नाव निघालंच आहे तर, अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ अॅक्सेलरॉडने १९६१ साली सशाच्या फुप्फुसातच ते विकर शोधलं होतं ना, जे सिरोटोनिनवर मिथाइल चढवून बुफोटेनिन करतं? म्हणजे सस्तन प्राण्यांच्या शरीरातही हे बनू शकतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या लघवीत बुफोटेनिन सापडल्याचे दावे त्याच सुमाराचे.

इंडोलप्रेमी

अगदी बरोबर. आणि तो सिद्धान्त मोहक होता: शरीरच स्वतःचं भ्रमजनक द्रव्य गाळतं आणि त्यातून आजार होतो. पण निरोगी लोकांच्या लघवीतही ते अल्प प्रमाणात सापडायला लागलं, आणि जुन्या कागदी क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करायची पद्धत) एका डागावरून केलेली ओळख किती पक्की, हा प्रश्न होताच. शिवाय लघवीत आहे म्हणजे मेंदूत होतं असं कुठे आहे? हा रेणू तर मेंदूबाहेरच जास्त रमतो.

शंकासूर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. उत्खनक यांनी लिहिलं "बहुधा सायलोसिन". बहुधा का? आजची यंत्रं इतकी तयार असताना?

उत्खनक

यंत्राचं उत्तर इंडोलप्रेमी देतील. आमच्या बाजूने एवढंच, की हजार वर्षांच्या चामड्यावरचा थर खरवडून जेमतेम चिमूटभर मिळतं, आणि त्यात झाडाचं, माणसाचं, मातीचं सगळं मिसळलेलं असतं.

इंडोलप्रेमी

वस्तुमान सारखं, म्हणून. दोघेही २०४. वस्तुमान वर्णपटमापकात इलेक्ट्रॉनचा मारा केला की दोघांचीही शेपटी तुटते आणि सर्वांत उंच शिखर दोघांतही ५८ वर येतं, कारण तुटून येणारा तो डायमिथाइल अमाइनचा तुकडा दोघांत एकच आहे. फरक असतो बाकीच्या लहान तुकड्यांच्या प्रमाणात आणि क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून बाहेर पडायच्या वेळेत. म्हणून आधी क्रोमॅटोग्राफीने दोघांना वेगळं करावं लागतं आणि शुद्ध नमुन्याशी वेळ आणि प्रमाण दोन्ही जुळवावं लागतं. नमुन्यात बुफोटेनिन भरपूर आणि सायलोसिन लेशमात्र असेल तर ही जुळणी अवघड होते, आणि प्रामाणिक विश्लेषक "बहुधा" लिहून थांबतो. सायलोसिनचं आणखी एक दुखणं आहे. ते हवेत सहज ऑक्सिडाइज होऊन निळं पडतं, त्यामुळे हजार वर्षांनी किती उरलं असेल हाही प्रश्नच.